ई-सायकल : तीन वर्षं, ६४०० किलोमीटर आणि निम्मी झालेली रेंज

मंदगती – रविवार, ८ जून, सकाळी ९:१२

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. काल दुकानदाराने नव्या बॅटरीचा आकडा सांगितला आणि आज सकाळचा चहा घेऊन थेट लिहायलाच बसलो.

राहायला कोथरूड, ऑफिस बाणेर. चांदणी चौकातून पाषाणमार्गे जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. वय ५३, वजन ८१. आधी साधी गिअरची सायकल होती. चांदणी चौकाचा चढ तिच्यावरही चढायचो, पण ऑफिसात पोचल्यावर शर्ट पिळून वाळत घालायची सोय नाही आणि साडेनऊला मीटिंग. मे २०२२ मध्ये ई-सायकल घेतली. मागच्या चाकात २५० वॉटची हब मोटर, ३६ व्होल्ट १०.४ अँपिअर-अवरची काढता येणारी बॅटरी, पायडल असिस्टच्या (पाय मारले की मोटर साथ देते) पाच लेव्हल, वर पाय न मारता चालवायला अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल. केबलवाले डिस्क ब्रेक. वजन २४ किलो.

खर्चाची वही ठेवतो (हो, मी तसलाच माणूस आहे). ६४०० किमीमध्ये दोन चेन, मागचे ब्रेक पॅड तीनदा, पुढचे एकदा, मागचा टायर एक, तुटलेले स्पोक चार, पंक्चर सात. वीज म्हणाल तर युनिटला बारा रुपये धरले तरी एका चार्जिंगला पाच रुपयांच्या आत. म्हणजे सायकलीने मला विजेत नाही, स्पोक-पॅडमध्ये लुटलं, आणि तेही फार नाही.

आता रडगाणं. नवी असताना लेव्हल २ वर ४५ किमी आरामात मिळायचे, दोन दिवसांनी एकदा चार्ज करायचो. गेले सात-आठ महिने २२-२३ किमीला डिस्प्लेवरची बॅटरीची शेवटची काडी लुकलुकते. परवा वारज्याला बहिणीकडे जाऊन येताना बंदच पडली. बॅटरी मेलेली २४ किलोची सायकल चढावर ढकलत आणणं काय असतं ते शत्रूलाही न कळो. दुकानदाराने सायकल बघितली, डिस्प्ले चालू करून बंद केला आणि म्हणाला, "बॅटरी गेली काका, तीन वर्षं झाली ना." नवीन बॅटरी १९ हजार. सायकल घेतली होती ४२ हजारांना.

प्रश्न असा: १९ हजार घालावेत, जुन्याच बॅटरीत नवे सेल भरून घ्यावेत (एक जण ९ हजारांत करून देतो म्हणतोय), की हे प्रकरण इथेच मिटवावं?

---

सडाफटिंग – रविवार, ८ जून, सकाळी ९:५०

साध्या सायकलीला बॅटरी नसते. त्यामुळे ती जातही नाही. माझे दोन पैसे.

(हलकं घ्या. पण खरंच, चांगली हलकी गिअरची सायकल १२-१३ किलोची येते. चौपन्नाव्या वर्षी चांदणी चौक मी रोज चढतो.)

---

गोदाकाठची – रविवार, ८ जून, सकाळी १०:३१

@सडाफटिंग, तुमच्या गुडघ्यांचं अभिनंदन. माझे दोन्ही गुडघे कुरकुरतात. वय ६३, नाशिक. डॉक्टर म्हणाले चालणं कमी करा, सायकल चालवा, पण जोर लावायचा नाही. जोर न लावता गंगापूर रोडचे चढउतार कसे चढायचे ते त्यांनी सांगितलं नाही. ते सायकलीने सांगितलं, लेव्हल १ वर. सकाळी सोमेश्वरपर्यंत जाऊन येते. मी पाय मारते, सायकल हातभार लावते, चढावर मागून कुणी पाठीला हात लावावा तसं वाटतं. पहिल्यांदा चालवली तेव्हा लहानपणी वडील सीट धरून मागे पळायचे ते आठवलं होतं.

घ्यायच्या विचारात असलेल्या बायकांना एकच सांगते: दुकानात चालवून बघतो तशी उचलूनही बघा. आमच्या इमारतीला जिन्याच्या पाच पायऱ्या आहेत आणि त्या पाच पायऱ्यांसाठी मला रोज वॉचमनदादांना हाक मारावी लागते. आणि मधला दांडा खाली असलेली फ्रेमच घ्या. साडीचा प्रश्न नाही, मी पंजाबी ड्रेसच घालते, पण पाय उंच टाकून चढताना जड सायकल कलली की सावरत नाही.

मंदगती, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. वाचते आहे.

---

तारतंत्री – रविवार, ८ जून, दुपारी १२:०५

मंदगती, थांबा. १९ हजार नाही, ९ हजारही नाही. आधी मोजा.

दुकानदाराने मल्टिमीटर लावला का? चार्जिंगला किती युनिट गेले ते बघितलं का? नाही ना? मग "बॅटरी गेली" हा अंदाज आहे, निदान नाही. रेंज कमी होण्याची कारणं दोन असतात: टाकीत पेट्रोल कमी मावतंय, किंवा गाडी जास्त पितेय. तुमच्याकडे कुठलं आहे ते आपल्याला माहीतच नाही.

तुमची बॅटरी नवी असताना ३६ गुणिले १०.४, म्हणजे सुमारे ३७४ वॉट-अवरची. ४५ किमी मिळायचे, म्हणजे किलोमीटरला आठ-सव्वाआठ वॉट-अवर. पाय मारत चालवणाऱ्याचा आकडा असाच असतो. तीन वर्षांत ६४०० किमी म्हणजे पूर्ण चार्जच्या दीडशे-पावणेदोनशे फेऱ्या. एवढ्यात लिथियमची बॅटरी निम्म्यावर येणं मला पटत नाही. उन्हात तापवली असेल, महिनोनमहिने रिकामी ठेवली असेल किंवा एखादा सेलचा गट बसला असेल, तरच.

करायचं असं. प्लगमध्ये लावायचा युनिट मोजणारा मीटर ऑनलाइन मिळतो, हजाराच्या आत. सायकल बंद पडेपर्यंत चालवा (घराजवळ, वारज्याला नव्हे). बॅटरी घरात आणून तासभर गार होऊ द्या. मग त्या मीटरवरून हिरवा दिवा लागेपर्यंत चार्ज करा आणि आकडा सांगा. दुसरं, चार्जर काढल्यावर तासाभराने बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. तुमच्या बॅटरीत दहा गट एकामागोमाग जोडलेले आहेत, प्रत्येकी ४.२ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली ४२ च्या आसपास दिसायला हवी. ४० दाखवून हिरवा दिवा लागत असेल तर गट असमान झालेत. टोकांना मीटरची सुई लावताना दोन्ही एकमेकींना टेकू देऊ नका. ठिणगी नाही, स्फोटच वाटेल.

---

पाना_१८ – रविवार, ८ जून, दुपारी १:४०

तारतंत्री साहेबांना शंभर टक्के दुजोरा. सांगलीत सायकलचं दुकान आहे, वडलांपासून. गेल्या चारेक वर्षांत निम्मी गिऱ्हाइकं ही बॅटरीवाली. "बॅटरी गेली" म्हणून आलेल्या दहांत चारांची तरी बॅटरी शाबूत असते. कुणाचा ब्रेक चाकाला घासतोय, कुणाच्या टायरात हवाच नाही.

मंदगती साहेब, एक करा. सायकल स्टँडवर घ्या, मोटर बंद, मागचं चाक हातानं पुढच्या बाजूला जोरात फिरवा. (उलटं फिरवलं तर चेन-पायडलही सोबत ओढले जातात, काही कळत नाही.) चाक किती फेऱ्या मारतंय आणि कुठं "चुस्स... चुस्स" आवाज येतोय ते ऐका. साध्या सायकलवर ब्रेक घासला की पायाला लगेच कळतं. हितं मोटर गुपचूप ओढत राहते, माणसाला पत्ताच नाही. बॅटरी खाणारा चोर हाच.

आणि चार स्पोक तुटले म्हणता, ते कुठल्या बाजूचे? सगळे चेनकडचे असतील तर चाकाचा आउट (वाकडेपणा) नीट काढला नसणार. मोटरचं चाक जड, स्पोक आखूड. नवीन सायकल घेतली की तीनशे किलोमीटरला एकदा स्पोक ताणून घ्यायचे असतात, ते कोण सांगत नाही आणि कोण करत नाही.

---

ऐसपैस – रविवार, ८ जून, रात्री १०:१५

पंक्चरचं कोणीतरी सांगा हो. आमच्या इथले पंक्चरवाले मागच्या चाकातली वायर बघूनच हात जोडतात. मागच्या आठवड्यात टेम्पो करून सायकल दुकानात न्यावी लागली. पंक्चरचे ४०, टेम्पोचे ४००.

---

पाना_१८ – सोमवार, ९ जून, सकाळी ८:२०

पंक्चरला चाक काढायचंच नाही. हे पंक्चरवाल्याला सांगा, तो खूश होईल.

बॅटरी काढून ठेवा. सायकल उलटी करा, पण हँडलखाली दोन्हीकडं लाकडाचे ठोकळे किंवा विटा द्या, नाहीतर डिस्प्ले आणि थ्रॉटलवर सगळं वजन येतं आणि चाळीस रुपयांच्या पंक्चरपायी दोन हजारांचा डिस्प्ले जातो. काटा कुठं घुसलाय ते बघा. टायरची एकाच बाजूची कड बाहेर काढा, ट्यूब तेवढीच ओढून घ्या. टबात बुडवता येत नाही, म्हणून साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधा. पॅच मारा, ट्यूब आत, कड आत. वायरीला हातच लावायचा नाही.

ट्यूबच बदलायची असेल तर मात्र चाक काढावं लागतं. मागच्या नळीजवळ मोटरच्या वायरीचा जोड असतो. तो सरळ ओढायचा, पिळायचा नाही. परत लावताना दोन्हीकडचे बाण समोरासमोर. नट बहुतेक १८ नंबरच्या पान्यानं निघतो (नावावरून ओळखलंच असेल). वायसर ज्या क्रमानं निघतील त्याचा मोबाईलवर फोटो काढा. त्यातला एक दातवाला असतो, तो फ्रेमच्या खाचेत बसलाच पाहिजे, आणि नट चांगला आवळा. ढिला राहिला तर मोटर चालू झाल्यावर चाकाऐवजी आसच गरकन फिरतो आणि वायर पिळून तुटते. तशी एक मोटर दुकानात नमुना म्हणून ठेवलीय.

---

पक्षकार – सोमवार, ९ जून, सकाळी ११:०२

मंदगती, तुम्ही थ्रॉटल म्हणालात. त्याला लायसन लागत नाही का? मुलीला (१५ वर्षं) क्लासला जायला घ्यायचा विचार आहे.

---

तारतंत्री – सोमवार, ९ जून, दुपारी २:३०

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम २(यू) बघा. मोटरची अर्ध्या तासाची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, योग्य ब्रेक आणि रिफ्लेक्टर, असं असेल तर ते मोटार वाहन धरलं जात नाही. नोंदणी नाही, लायसन नाही. आपल्याकडे पायडल न मारता थ्रॉटलवर चालणारी सायकलही त्यात बसते. मात्र एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र त्या मॉडेलला हवं. विकत घेताना ते मागा.

(नियमात "पेक्षा कमी" आहे आणि बाजारातल्या प्रत्येक सायकलवर बरोब्बर २५० चं स्टिकर. असो.)

काही डिस्प्लेंच्या मेनूत शिरून वेगमर्यादा ३५ करता येते आणि कॉलेजची मुलं ती पहिल्याच दिवशी करतात. त्या क्षणी ती सायकल कायद्याने दुचाकी होते: नंबर प्लेट नाही, विमा नाही, लायसन नाही. उद्या कुणाला धडकलं तर बाप म्हणून तुम्ही काय सांगणार? मुलीला जरूर घ्या, हेल्मेटसकट, पण मेनू बघून ठेवा.

---

कालव्याकाठी – सोमवार, ९ जून, रात्री ११:४८

नेदरलँड्समधून (उत्रेख्त) हजेरी. इकडे तर ई-सायकल म्हणजे आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळ्यांचीच. युरोपच्या नियमात मोटर २५० वॉट, मदत ताशी २५ पर्यंत आणि पायडल मारलं तरच. थ्रॉटल फक्त ढकलत नेताना, ताशी ६ पर्यंत. ताशी ४५ पर्यंत जाणाऱ्या वेगळ्या असतात. त्यांना पिवळी नंबर प्लेट, विमा, हेल्मेट सगळं लागतं. तरीही पोरं जाड टायरच्या सायकलींचा वेग वाढवून घेतात आणि पोलीस रस्त्यात रोलर मांडून, त्यावर सायकल चढवून वेग तपासतात. मेनूत शिरणारी पोरं सगळीकडे सारखीच.

माझ्या सायकलीची मोटर मधे, पायडलच्या आसाशी आहे. किती जोर लावतो ते ओळखून मदत करते, त्यामुळे चालवायला फार नैसर्गिक. पण तिची सगळी ताकद चेनमधून जाते, त्यामुळे चेन झपाट्याने झिजते. हब मोटरवाल्यांना हा त्रास कमी.

गोदाकाठची ताई, तुमच्या पाच पायऱ्या वाचून हसू आलं. आमच्या स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींचं पार्किंग आहे, दुमजली रॅक. वरचा मजला नेहमी मोकळा, कारण ई-सायकल वर चढवायला पैलवान लागतो. खालच्यासाठी सकाळी मारामारी.

अवांतर: भावासाठी इथून बॅटरी आणायची होती. विमानात १६० वॉट-अवरच्या वरची सुटी बॅटरी नेताच येत नाही, हातातही नाही आणि सामानातही नाही. सायकलीची बॅटरी सहसा त्याच्या दुप्पट तरी असते. कुणी "येताना घेऊन ये" म्हणालं तर हे दाखवा.

---

रिकामी_टेकडी – मंगळवार, १० जून, सकाळी ७:३५

साधा प्रश्न. सिंहगड चढते का?

---

तारतंत्री – मंगळवार, १० जून, सकाळी ९:१०

हिशोब करू. गडमाथा समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर, पुणे ५६० च्या आसपास. म्हणजे साधारण ७५० मीटर वर जायचं. (गाडीरस्ता माथ्याच्या जरा खालीच थांबतो, पण धरू.) मंदगती आणि त्यांची सायकल मिळून १०५ किलो. एवढं वजन तेवढं उचलायला निव्वळ २१५ वॉट-अवर लागतात. चढावर हब मोटर हळू फिरते, तेव्हा बरीच वीज उष्णतेत जाते. सत्तर टक्के कार्यक्षमता धरली तरी ३०० च्या वर. म्हणजे तुम्ही नुसते बसून राहिलात तर पायथ्यापर्यंतच्या सपाट रस्त्याची वीज वेगळी, आणि डोणज्याच्या पुढे केव्हातरी बॅटरी राम म्हणणार. त्याआधी मोटर हात लावू नये इतकी तापेल. अर्धा जोर पायांनी दिलात तर मात्र चढते. मी चढलोय. वरचं पिठलं-भाकरीचं बिल वेगळं.

२०२२ च्या मे महिन्यात गडावर खासगी गाड्या बंद करून ई-बस सोडल्या होत्या, आठवतं? थोड्याच दिवसांत गुंडाळावं लागलं. घाट कुणालाच सोडत नाही.

---

सडाफटिंग – मंगळवार, १० जून, सकाळी ९:४४

अर्धा जोर पायांनीच द्यायचा तर उरलेला अर्धाही... जाऊ दे. गप्प बसतो.

---

चिपळूणकरीण – मंगळवार, १० जून, दुपारी ४:२०

पाऊस तोंडावर आलाय म्हणून लिहिते. आमच्याकडे चार महिने सायकल ओलीच असते. पावसात चालवल्याने काही होत नाही. पाण्याच्या पाइपाने जोर लावून धुतल्याने होतं. जोडांच्या आत पाणी शिरतं आणि मग डिस्प्ले वेड्यासारखा लुकलुकतो. मी ओल्या फडक्याने पुसते, चेन कोरडी करून तेल देते, आणि मे संपताना सगळे जोड उघडून इलेक्ट्रिकचं ग्रीस बोटभर लावते. खाऱ्या वाऱ्याने पितळी टोकं हिरवी पडतात, ती तेवढ्याने थांबतात. गुडघाभर पाण्यातून मात्र नेऊ नका. मोटर चाकाच्या मध्यात असते, पाणी आसापर्यंत आलं की वायरीच्या भोकातून आत जातं.

२२ जुलै २०२१ च्या पुरात भावाची ई-सायकल तळमजल्यावर होती. वाशिष्ठी घरात आली ती माळ्याखालोखाल. पाणी ओसरल्यावर त्याने बॅटरी पुसली, चार दिवस उन्हात ठेवली आणि चार्जरला लावायला निघाला. शेजारचे वायरमन काका धावत आले आणि हातातून काढून घेतली. अंगणाच्या टोकाला, घरापासून लांब, वाळूच्या घमेल्यात ठेवायला लावली. महिन्याभराने उघडली तर आत सगळं पांढरं-हिरवं बुरसटलेलं. बाहेरून एकदम नवी. बुडालेली बॅटरी वाळली तरी चार्ज करू नये, एवढं लक्षात ठेवा.

---

ऐसपैस – मंगळवार, १० जून, रात्री ९:३०

वरचं वाचून आठवलं. आमच्या सोसायटीत ठराव आलाय की ई-सायकलची बॅटरी लिफ्टमधून न्यायची नाही आणि पार्किंगमध्ये चार्जही करायची नाही. मग करायची कुठे, गच्चीवर पापडांबरोबर? सेक्रेटरीकाका म्हणतात, "पेपरात वाचलं, पेटतात."

---

तारतंत्री – बुधवार, ११ जून, सकाळी ८:५५

सेक्रेटरीकाकांची भीती अगदीच हवेतली नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात ई-स्कूटर पेटल्याच्या बातम्या लागोपाठ आल्या, एक आपल्या पुण्यातलीच होती. त्यानंतर दुचाकींच्या बॅटरीसाठीचं एआयएस-१५६ मानक कडक झालं. सायकलीची बॅटरी त्या मानाने लहान, पण लिथियम तेच.

पेटते कोण? चुकीच्या चार्जरवर लावलेली, आपटून दबलेली, पाणी शिरलेली, आणि सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती स्वस्तात "सेल भरून" आणलेली. मंदगती, तुमचा ९ हजारवाला गृहस्थ. त्याला विचारा: सेल नवे की जुन्या लॅपटॉपमधले? सगळे एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे का? पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडतो की थेट सेलवर सोल्डर करतो? बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) जुनाच ठेवतो का? यातल्या एकाही प्रश्नाला "काही होत नाही हो" असं उत्तर आलं तर बॅटरी घेऊन बाहेर पडा. नीट काम करणारेही आहेत. ते गटागटाचं व्होल्टेज लिहून देतात.

घरात चार्ज करताना फरशीवर ठेवा, गादी-सोफ्यावर नको, आणि बाहेर पडायच्या दाराच्या वाटेत नको. आपण जागे असताना करा. उन्हातून आल्या आल्या लावू नका. महिनाभर गावाला जाणार असाल तर निम्मी भरलेली ठेवून जा. १०० टक्के भरून उन्हाळ्यात ठेवणं वाईट, रिकामी ठेवणं त्याहून वाईट.

सोसायटीला सांगा की पार्किंगमध्ये वेगळा एमसीबी आणि मीटर असलेला पॉइंट हा वीस जणांनी वीस घरांत एक्स्टेन्शन लावण्यापेक्षा सुरक्षित आहे. आमच्याकडे त्यावर दोन बैठका झाल्या आणि तिसरीत झालं.

---

मंदगती – रविवार, १५ जून, दुपारी १२:४०

मीटर आला, मोजलं. तारतंत्री, तुमचा फोन नंबर असता तर आत्ता लावला असता.

सायकल बंद पडेपर्यंत चालवली: २२.६ किमी. चार्जिंगला गेले ०.३७ युनिट. तासाभराने व्होल्टेज ४१.७.

---

तारतंत्री – रविवार, १५ जून, दुपारी १:१५

झालं तर! चार्जरमध्ये तेराएक टक्के जातात असं धरू. ३७० चे उरले ३२२. नव्या ३७४ च्या ८६ टक्के. तीन वर्षांच्या बॅटरीला पहिल्या वर्गात पास. ४१.७ म्हणजे गटही बरे आहेत.

पण ३२२ मध्ये २२.६ किमी, म्हणजे किलोमीटरला सव्वाचौदा वॉट-अवर. आधी सव्वाआठ होते. तुमची सायकल पितेय. हा पाय न मारता थ्रॉटलवर चालवणाऱ्याचा आकडा आहे. मंदगती, खरं सांगा.

---

मंदगती – रविवार, १५ जून, दुपारी २:०५

पाय मारतो हो! म्हणजे... पाय फिरतात. दिवाळीपासून असिस्ट जरा मंदावल्यासारखा वाटतो, मधेच सोडतो, मधेच धरतो. बॅटरी उतरत चालली असेल असं वाटलं. त्यामुळे चढावर थ्रॉटल दाबतो. आणि आता विचार केला तर सपाटीवरही.

---

पाना_१८ – रविवार, १५ जून, दुपारी ३:३०

सापडला! बॅटरीचा संबंधच नाही. ब्रेक दाबला की मोटर बंद करणाऱ्या स्विचचाही नाही, तो अडकला असता तर थ्रॉटलही चालला नसता. तुमचा पायडलचा सेन्सर गेलाय, नाहीतर त्याची चकती.

पायडलच्या आसावर, फ्रेमच्या बाजूला प्लॅस्टिकची गोल चकती बघा, तिच्यात छोटे चुंबक बसवलेले असतात. शेजारी दोन-तीन मिलिमीटरवर सेन्सर. चकती फिरली की सेन्सर चुंबक मोजतो, मग मोटर चालू. चकती चिरली, सरकली, नाहीतर मधे चिखल-तेलाचा थर बसला की मोजणीत खाडे पडतात. अगदी तुम्ही म्हणता तसं: मधेच धरतो, मधेच सोडतो. चकती-सेन्सर जोडी सातशे-आठशेच्या आत मिळते. पायडलचा दांडा काढायला पुलर लागतो, हातोडीनं ठोकून काढू देऊ नका.

आणि चाक हातानं फिरवून बघितलं का? ते सांगितलंच नाही तुम्ही.

---

मंदगती – रविवार, २२ जून, संध्याकाळी ६:५०

मधे पालख्या होत्या, रस्ते बंद, दुकानही बंद. म्हणून उशीर.

चाक हाताने फिरवलं. दीड फेरीत थांबलं, "चुस्स" अगदी शास्त्रोक्त. मागचा डिस्क पॅड घासत होता. कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले करून, ब्रेक दाबून धरून पुन्हा आवळले, आता अकरा फेऱ्या. हवा दोन्ही टायरांत निम्म्यानेही नव्हती.

चकतीला केसाएवढी चीर होती. आसावर घट्ट बसायच्या ऐवजी ती स्वतःच्या मर्जीने फिरायची. दुसऱ्या एका दुकानातून नवी जोडी टाकली, मजुरीसकट ९५०. पुलर त्यांच्याकडे होता. आधी विचारूनच घेतलं.

शुक्रवारी लेव्हल २, थ्रॉटलला टेप लावून ठेवली. पहिल्याच दिवशी चांदणी चौकात मांड्या भरून आल्या. आठ महिने मी सायकल चालवत नव्हतो, स्कूटरवर बसून पाय हलवत होतो हे तिथे कळलं. ऑफिसात जिना चढताना बाकावर बसलो. शिपाई म्हणाला, "साहेब, बॅटरी संपली का?"

आज सकाळी मोजायला म्हणून पाषाण-सूसकडे भटकून आलो. ३७ किमी, एक काडी शिल्लक.

पहिल्या दुकानदाराचा काल फोन आला होता, बॅटरीची ऑर्डर टाकू का म्हणून.

---

सडाफटिंग – रविवार, २२ जून, संध्याकाळी ७:१४

टेप काढू नका.

---

गोदाकाठची – रविवार, २२ जून, रात्री ८:०२

मी पण उद्या चाक फिरवून बघते. पाना_१८, पुढच्या बाजूलाच ना?

---

पाना_१८ – रविवार, २२ जून, रात्री ८:२०

हो ताई, सायकल पुढं चाललीय असं समजून. आणि वॉचमनदादांना धरायला सांगा, स्टँडवरून घसरली तर पायावर येते.